चिपीच्या सड्यावर स्वतःचं जेट उभं करायचं का?

पत्र (थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

कुडाळ-कणकवली भागातल्या एका एकत्र कुटुंबातल्या सूनबाईंचं हे पत्र. आंब्याचा पल्प, काजू प्रक्रिया आणि मालवणजवळ एक रिसॉर्ट असा तीन भावांचा धंदा. हिशेब पत्रलेखिकाच बघतात. धाकटे दीर हैदराबादच्या ‘विंग्ज इंडिया’ प्रदर्शनाला जाऊन आले, तेव्हापासून एका हलक्या बिझनेस जेटने त्यांच्या डोक्यात घर केलंय. विकणाऱ्याने सांगितलं ते असं : हे विमान आखूड धावपट्टीवर, अगदी मातीच्या आणि गवताच्या पट्टीवरही उतरतं; मागच्या रुंद दारातून आंब्याच्या पेट्या चढवता येतात; वेळ पडली तर स्ट्रेचर बसतं; एकच पायलट पुरतो. “वयनी, मुंबय पाऊण तासार!” हे दीर रोज ऐकवतात. बेत असा की विमान सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर ठेवायचं, पुढे देवगडच्या बाजूला घरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, छोटी धावपट्टी करायची आणि रिकाम्या दिवसांत विमान भाड्याने देऊन खर्च भागवायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी सासऱ्यांना रात्री हृदयविकाराचा झटका आला. घाटात दरड पडली होती, गोव्याला पोचायला उशीर झाला आणि ते गेले. “विमान असतं तर...” हे तेव्हापासून घरात बोललं जातं. ताई लिहितात : “मला ही नुसती हौस वाटते. पण मी नको म्हटलं की जणू सासऱ्यांच्या आठवणीलाच नको म्हणते, असं होतं. विमानातलं मला काही कळत नाही. विमान चांगलं आहे का? घ्यावं का? आणि दिरांशी कसं बोलू?”

उत्तर

ताई,

विमान चांगलं आहे का, हे आधी सांगतो. वर्णनावरून दिरांना आवडलेलं विमान स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीचं पीसी-२४ दिसतंय, आणि ते खरोखर फार चांगलं विमान आहे. मे २०१५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, डिसेंबर २०१७ मध्ये त्याला युरोप-अमेरिकेचं प्रमाणपत्र मिळालं. ऑस्ट्रेलियातली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस दूरदूरच्या वस्त्यांतले पेशंट आणायला हेच विमान वापरते. मातीच्या पट्टीवर उतरायची परवानगी असलेली जेट जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. याची इंजिनं पंखाच्या वर बसवलीत ती चाकांनी उडवलेले खडे आत जाऊ नयेत म्हणूनच. मागचं दार साधारण सव्वा मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच आहे. म्हणजे विकणारा खोटं बोललेला नाही आणि दिरांची निवडही पोरकट नाही. हे आधी मान्य करूया, कारण तुमच्या पत्रात ‘हौस’ म्हणून ते सगळं बाजूला सारायची थोडी घाई मला दिसली.

पण विमान चांगलं असणं आणि ते तुमच्या कामाचं असणं, यांत अंतर आहे. माझी हयात विमानांच्या देखभालीत गेली. मालक फसले ते बहुतेक वेळा चांगलीच विमानं घेऊन. विमान काय काय करू शकतं याची यादी त्यांनी पाठ केलेली असते. आपण वर्षभरात कुठून कुठे, किती जण, कोणत्या महिन्यात जातो, हे मात्र कोणी लिहून काढलेलं नसतं. तुमच्या घरात ती वही लिहू शकणारं माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही. त्यासाठी विमानातलं काही कळावं लागत नाही.

आता एकेक गुण तुमच्या अंगणात आणून बघू.

आखूड धावपट्टी. कागदावर हे विमान पूर्ण वजनानिशी साधारण ९०० मीटरमध्ये उडतं आणि सव्वासातशे मीटरच्या आसपास उतरून थांबतं. कौतुकाचीच गोष्ट. पण चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाची त्याहून लांब आहे. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद इथे तर प्रश्नच नाही. तुम्ही जिथे जाता तिथे कुठलंही हलकं जेट सहज उतरेल, मग आखूड पट्टीच्या करामतीसाठी जास्त पैसे कशाला मोजायचे? कराड, धुळे यांसारख्या छोट्या पट्ट्यांवर तुमचं नेहमी जाणं असतं तर मी वेगळं बोललो असतो. रत्नागिरीची पट्टी तटरक्षक दलाकडे आहे, तिथे मनात आलं आणि उतरलो असं होत नाही.

तरी या गुणाचा एक उपयोग तुम्हाला आहे, आणि तो विकणाऱ्याने सांगितलेला दिसत नाही. तो पावसाचा. कंपनीच्या पुस्तकातले उतरण्याचे आकडे कोरड्या पट्टीचे आणि चाचणी-पायलटच्या हातचे असतात. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या जेटसाठी म्हणून प्रचलित नियम असा की विमान उपलब्ध पट्टीच्या ६० टक्क्यांत थांबायला हवं आणि पट्टी ओली असेल तर त्यावर आणखी १५ टक्के धरायचे. सव्वासातशेचे असे जवळजवळ १,४०० होतात. ज्या विमानाचा कागदावरचा आकडा ९०० आहे, त्याचे १,७०० च्या वर जातात. चिपीला दोन्ही बसतात. मात्र पहिल्यात हजारभर मीटर हाताशी उरतात आणि दुसऱ्यात आठशेच्या आत. जुलैच्या सरींत, बाजूने वारा असताना, हाताशी उरलेला प्रत्येक मीटर मोलाचा. या वर्गातल्या बऱ्याच विमानांना, पीसी-२४ धरून, इंजिनाचा झोत उलटवून थांबायची सोय नसते. सगळी मदार ब्रेकवर आणि पंखांवरच्या फळ्यांवर. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत मुसळधार पावसात लिअरजेट-४५ जातीचं एक छोटं जेट उतरताना धावपट्टीवरून घसरलं. सुदैवाने आतली आठही माणसं वाचली. मुंबईची पट्टी लांबरुंद आहे आणि तिथे सगळ्या सोयी आहेत, तरी तिथे हे झालं.

म्हणून दिरांना पहिला प्रश्न असा विचारा : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हे विमान चिपीहून किती दिवस उडेल असं धरलंय? आणि विकणाऱ्याला विचारा : ढग खाली आल्यावर चिपीला किती दृश्यमानतेपर्यंत उतरता येतं, कुठल्या उपकरणांच्या मदतीने, आणि नाही उतरता आलं तर विमान कुठे जाईल? बहुतेक उत्तर मोपा येईल. पावसाळ्यात विमान मोपालाच जाणार असेल आणि घरून मोपा तासाभराच्या आत असेल, तर विमान आपल्या दारात आहे या सुखाचे चार महिने तिथेच वजा झाले.

मातीची पट्टी आणि घरचा सडा. इथे मला जरा कळकळीने बोलू द्या. सडा वरून सपाट दिसतो, म्हणून तिथे धावपट्टी सोपी वाटते. पण जांभ्याचा कातळ खडबडीत असतो, त्याच्या कडा धारदार असतात, पावसात त्याच्या खळग्यांत पाणी साठतं आणि उन्हाळ्यात त्याचा खडा सुटा होऊन उडतो. मातीच्या पट्टीवर उतरू शकणाऱ्या विमानालाही आखून, दाबून, निगा राखलेली पट्टी लागते. कंपनीने कोरडी माती, खडी, गवत असं काय काय आणि कोणत्या स्थितीत चालेल ते ठरवून दिलेलं असतं, आणि विमा कंपनी त्यापलीकडे एक पाऊल टाकू देत नाही. मग परवानग्या : नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए, संरक्षण खातं, पर्यावरण, जिल्हा प्रशासन. आणि देवगडपासून राजापूर-रत्नागिरीपर्यंतच्या या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. तुमच्या सड्यावर काय आहे ते नीट पाहिल्याशिवाय तिथे जेसीबी नेऊ नका, विमान घ्या किंवा न घ्या. हा बेत पूर्ण सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो सोडला की या विमानाचा सगळ्यात महाग गुण तुमच्यासाठी निरुपयोगी ठरतो.

रुंद दार आणि आंब्याच्या पेट्या. हे फार बोलण्यासारखं नाही. पाच डझनांची पेटी फळासकट पंधरा किलोच्या वर जाते. विमानात टनभर माल चढवला, असं धरू. तेव्हा टाकी पूर्ण भरता येत नाही ते वेगळं. टनभर म्हणजे साठेक पेट्या, आणि साठ पेट्या तुमचा छोटा टेम्पो नेतो. असं जेट तासाला सहाशे लिटरच्या आसपास इंधन पितं. पहिल्या बहराच्या पेटीला कितीही भाव मिळाला तरी हा हिशेब जुळत नाही. ते दार तुमच्यासाठी पेट्यांचं नाही.

ते स्ट्रेचरचं असू शकतं. आणि इथे आपण त्या रात्रीपाशी येतो.

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात जड भाग हाच आहे. दिरांच्या हट्टामागे जेवढा बिझनेस आहे, त्याहून जास्त वडील आहेत असं मला वाटतं. म्हणूनच त्यांच्याशी खर्चाच्या आकड्यांवर वाद घालून काही साधणार नाही. पण त्या रात्री विमान असतं तर काय झालं असतं, ते एकदा शांतपणे घड्याळ लावून बघायला हवं. रात्री छातीत कळ आली. पायलटना फोन. ते कुडाळात राहत असले तरी उठून विमानतळावर येणार, हवामान पाहणार, उड्डाणाची योजना नोंदवणार. विमानतळ त्या वेळी उघडा आहे का, नसेल तर उघडायला कोण येणार? पेशंटला घरातून चिपीच्या सड्यावर न्यायचं. सोबत डॉक्टर, ऑक्सिजन, मॉनिटर हवेत आणि विमानात मान्यताप्राप्त स्ट्रेचर आधीपासून बसवलेलं हवं. एरवीच्या सहा खुर्च्या काढून ते बसवायलाही वेळ जातो. मग उड्डाण. मग मुंबईच्या रस्त्यांवरून हॉस्पिटल. सगळं सुरळीत झालं तरी तीन-चार तास. आणि ती जुलैची रात्र होती. ज्या पावसाने घाटात दरड आणली, त्याच पावसात कुठल्याही शहाण्या पायलटने त्या रात्री चिपीहून उड्डाण केलं नसतं.

हृदयविकाराच्या झटक्यात पहिले काही तास निर्णायक असतात. ते वाचवायचे तर जवळच्या जवळ ईसीजी व्हायला हवा, तो वाचणारा डॉक्टर फोनवर तरी हवा, लागू असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळायला हवं, आणि मग सुसज्ज रुग्णवाहिकेतून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला किंवा कोल्हापूरला पुढचा प्रवास. १०८ ची रुग्णवाहिका तुमच्या गावाजवळ कुठे उभी असते, जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते इंजेक्शन रात्रीसुद्धा दिलं जातं, घाट बंद असला तर कोणता रस्ता घ्यायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं आणि फडताळावर लिहून चिकटवलेलं असायला हवं. विमानाच्या एका वर्षाच्या खर्चाचा लहानसा हिस्सा तालुक्यातल्या एखाद्या रुग्णालयाला या कामासाठी दिलात, तर त्याचा उपयोग तुमच्या घरालाच नाही, पंचक्रोशीला होईल. हे काम दिरांकडे सोपवा, मनापासून सोपवा. त्यांना वडिलांसाठी काहीतरी करायचं आहे, आणि हे करता येण्यासारखं आहे.

झटक्याचा पहिला धोका टळल्यावर, दोन दिवसांनी, स्थिर झालेल्या पेशंटला मुंबईला किंवा चेन्नईला हलवणं ही वेगळी गोष्ट. तिथे विमान खरंच उपयोगी पडतं. पण ते काम डॉक्टर-नर्ससह येणारी भाड्याची एअर अँब्युलन्स तुमच्यापेक्षा चांगलं करते.

आता एकट्या पायलटचं. कारखान्याने विमान एका पायलटसाठी प्रमाणित केलंय, हे खरं. आपल्या कुटुंबाला घेऊन, कोकणच्या पावसात, मुंबईच्या गर्दीच्या आकाशात जायचं तर समोर दोघंच हवेत. यावर मी तडजोड सुचवणार नाही. दोन पायलट म्हणजे रजा, आजारपण, ड्यूटीचे तास धरून तिसऱ्याचीही सोय लागते. शिवाय दोघांना ठरावीक काळाने परदेशी सिम्युलेटरवर पाठवावं लागतं.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कोणी ब्रोशरमध्ये छापत नाही. पायलट तुमचा पगारी माणूस असेल. लग्नाला निघालेलं कुटुंब विमानात बसलंय, मोठे भाऊ घड्याळ बघतायत, समोर ढग उतरलेत. त्या क्षणी त्याने ‘आज नको’ म्हटलं तर त्याची नोकरी सुरक्षित आहे, हे त्याला मनातून पटलेलं हवं. मालकाच्या घाईपुढे पायलट वाकणं, हा खासगी विमानांच्या बाबतीतला फार जुना धोका आहे. विमान घ्यायचं ठरलंच, तर तिघा भावांनी सही करून त्याला लेखी द्यायचं : उडायचं की नाही हे तूच ठरवशील, आणि कारण विचारलं जाणार नाही. तुमच्या घरात हे पाळलं जाईल का? याचं उत्तर मला नको, तुम्हीच स्वतःला द्या. मोठे दीर ट्रेन चुकली म्हणून ड्रायव्हरवर ओरडणारे असतील, तर विमान घेऊ नका.

पैशाकडे वळू. असं नवीन विमान एक कोटी डॉलरहून अधिक किमतीचं, म्हणजे नव्वद-शंभर कोटी आणि वर. त्यावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवर ४० टक्के जीएसटी आहे. भाड्याने चालवण्याच्या परमिटखाली आणलेल्या विमानावर ५ टक्के. हा फरक पाहून बरेच जण सुचवतात, तुमच्या दिरांनाही कोणीतरी सुचवलंय असं दिसतं, की परमिट काढा, विमान कागदावर भाड्याचं दाखवा आणि आपणच वापरा. हे करू नका. परमिटवर सवलतीत आणून स्वतःच फिरणाऱ्या मालकांवर कस्टम खात्याने पूर्वी कारवाया केल्या आहेत आणि ती प्रकरणं वर्षानुवर्षं न्यायाधिकरणांत चालली आहेत. उलट खासगी म्हणून नोंदवलेलं विमान भाड्याने देताच येत नाही, पाहुण्यांकडून इंधनाचे पैसे घेऊनही नाही. कंपनीच्या नावावर घेतलं म्हणून कर सुटत नाही, आणि स्वतःच्या येण्या-जाण्याच्या विमानावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, कायद्याने अडवलेलं आहे. एखाद्या जाणत्या कर-सल्लागाराचं लेखी मत हातात आल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

समजा खरोखर परमिट काढून भाड्याचा धंदा केला. मग ती चौथी कंपनी झाली : जबाबदार व्यवस्थापक, सुरक्षा अधिकारी, देखभालीची मान्यताप्राप्त यंत्रणा, डीजीसीएची तपासणी. शिवाय रिकाम्या दिवसांत भाडं मिळेल, हे गृहीतच मला पटत नाही. लोकांना विमान हवं असतं लग्नसराईत, दिवाळी ते नवीन वर्षात आणि निवडणुकीत. तुमच्या रिसॉर्टचा हंगाम तोच, तुमच्या घरची लग्नं त्याच महिन्यांत. जुलैत विमान रिकामं असेल, आणि जुलैत चिपीला भाड्याचं विमान मागायला कोणी येणार नाही.

बाकी खर्चांत एकच गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या किनाऱ्याची आहे. खारी हवा. परुळे-चिपीचा सडा समुद्रापासून दूर नाही. विमान उघड्यावर राहिलं तर मीठ बिजागऱ्यांत, रिव्हेटांत, इंजिनाच्या पात्यांत शिरतं. इंजिनं गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा आतून धुवावी लागतात, अंग धुवावं लागतं आणि डोक्यावर छप्पर लागतं. छप्पर मिळत नसेल तर विमान चिपीला ठेवायचा विचारच सोडा. या इंजिनांचं मोठं ओव्हरहॉल ५,००० तासांवर येतं. तुमच्या वापराने तिथे पोचायला कित्येक वर्षं लागतील. मीठ तेवढी वाट बघत नाही.

आता तासांचा हिशेब, तुमच्याच वहीसारखा. चिपी ते मुंबई सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. जाऊन-येऊन दीड तास धरा. दर आठवड्याला न चुकता एक फेरी केली तरी वर्षाचे ७८ तास होतात. दर महिन्याला दिल्लीची एक फेरी धरली, तर ती साधारण सव्वाचार तासांची, वर्षाचे ५१. बेरीज १३० च्या आत. वर्षाला दीड-दोनशे तासांच्या खाली स्वतःचं विमान परवडत नाही, भाड्याने घेणं बरं, असं या व्यवसायात सर्वसाधारणपणे धरतात. आणि ‘दर आठवड्याला न चुकता’ हे पावसाळ्यात होणारच नाही. शिवाय मुंबईत खासगी विमानांना वर्दळीच्या वेळी निर्बंध आहेत, उभं करायला जागा नाही. तुम्हाला सोडून विमान रिकामं दुसरीकडे जाणार आणि घ्यायला रिकामं येणार. त्या फेऱ्यांचं इंधनही तुमचंच. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय; तिथे खासगी विमानांना काय मिळतं ते चौकशीत जरूर घ्या.

आणि विमान हवंच असेल, तर जेटच का? हा प्रश्न तुमच्या घरात कोणी विचारलेला दिसत नाही. पिलाटसचंच एका इंजिनाचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवून उडणारं विमान आहे, पीसी-१२. दोन हजारांहून जास्त विकलं गेलेलं, किंमत जेटच्या निम्म्याच्या आसपास, इंधन निम्म्याहून कमी. मागचं मोठं दार त्यालाही आहे. चिपी-मुंबईला जेटपेक्षा जेमतेम पंधरा मिनिटं जास्त लागतील. एका इंजिनाची धास्ती वाटत असेल, आणि घाटावरून रात्री जाताना ती वाटणं मी समजू शकतो, तर दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं किंग एअर आहे. जेटचा वेग लांब पल्ल्यावर दिसतो. पीसी-२४ चार माणसं घेऊन ३,७०० किलोमीटर जातं, म्हणजे दुबई सहज. पण परदेशात जायचं तर कस्टम आणि इमिग्रेशनसाठी मोपा किंवा मुंबईलाच जावं लागेल, आणि तिथून दुबईला रोज विमानं आहेत.

वहीत खरंच दोनशेच्या वर तास निघाले, दिल्ली-कोलकाता-दुबई अशा लांबच्या फेऱ्या जास्त निघाल्या, तर जेट घ्या आणि आनंदाने घ्या. पण तेव्हा पीसी-२४ च्या शेजारी ब्राझीलच्या एम्ब्रायरचं फेनम-३०० आणि सेसनाचं सायटेशन सीजे-४ ठेवून बघा. पक्क्या पट्ट्यांवर ही दोन्ही कुठे कमी पडत नाहीत, आणि जुन्या बाजारात भरपूर मिळतात. तुलना करताना कमाल आकडे विचारू नका. विचारा : सहा माणसं, त्यांचं सामान, ३५ अंश तापमान, ओली पट्टी, आणि चिपीला उतरता आलं नाही तर मोपाला जायचं इंधन, एवढं धरून हे विमान दिल्लीहून येईल का? देखभालीचं मान्यताप्राप्त केंद्र भारतात कुठे आहे, सुटा भाग यायला किती दिवस लागतात, त्या जातीची विमानं देशात किती आहेत? आत एकदा बसून बघा. पीसी-२४ च्या केबिनची उंची १.५५ मीटर आहे. दिरांना त्यात ताठ उभं राहता येणार नाही, आणि ते चित्रात कळत नाही. जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या केंद्रात पूर्ण तपासणी आणि पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं, यांशिवाय एक रुपया पुढे करू नका.

दिरांशी बोलायचं ते असं. ‘नको’ने सुरुवात करू नका, कारण तुमच्याकडे अजून नको म्हणायला आकडे नाहीत, जसे त्यांच्याकडे हो म्हणायला नाहीत. गेल्या दोन वर्षांतला घरच्यांचा प्रत्येक प्रवास त्यांच्याबरोबर बसून लिहा : तारीख, कुठून कुठे, किती जण, कशाने गेलो, किती वेळ मोडला, वेळ मोडल्याने धंद्यात काय गेलं. तो शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. कदाचित तिथे तुम्हालाच धक्का बसेल. मुंबई-गोवा महामार्गावर आणि पावसाळी वेळापत्रकाच्या गाड्यांत तुमच्या माणसांचे किती दिवस गेले ते दिसेल, आणि चिपीच्या नियमित सेवेवर विसंबता न आल्याने मोपाला किती खेटे घातले तेही. दिरांचा त्रास खरा आहे हे तुम्ही त्यांना सांगितलंत, की पुढचं बोलणं सोपं जाईल. मग एका वर्षासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढा आणि ज्या प्रवासांना खरंच विमान हवं वाटतं त्यांना भाड्याने मागवा. महाग वाटेल, कारण मुंबईहून रिकामं येण्याचेही पैसे लागतील. तरी विमान पाळण्याच्या एका वर्षाच्या खर्चापुढे ते कमीच असेल. ही वही या वर्षीही चालू ठेवा, आणि तिच्यात आणखी एक रकाना घाला : हवामानामुळे जाता आलं नाही.

आणि विकणारा पुन्हा आला की त्याला सांगा, प्रात्यक्षिक उड्डाण आम्हाला हवंय, पण फेब्रुवारीत नको. जुलैत, चिपीहून, तिघे भाऊ आणि तुम्ही सामानासकट बसून. त्या दिवशी त्याच्याच पायलटने नको म्हटलं, तर त्याचे आभार माना आणि ती तारीख त्या नव्या रकान्यात लिहा.